पाठमोरी पोट्टी

१

लोकांनी टाकून दिलेली चित्रं मी विकत घेते आणि लोकांच्याच भिंतींवर परत पाठवते. हा माझा धंदा. नागपूरच्या बेसात तिसऱ्या माळ्यावर आमचा फ्लॅट आहे, त्याच्या मागच्या खोलीत, कूलरसमोर बसून करते. लकडगंजात रुपराव नावाचा भंगारवाला आहे. कुणाचं जुनं घर पाडलं, कुणी म्हातारं गेलं, कुणी घर विकून मुलाकडे पुण्याला गेलं, की भिंतीवरचं सगळं रुपरावकडे येतं. मी त्यातलं बरं निवडते, पावाच्या तुकड्याने धूळ पुसते आणि त्या चित्रात गिऱ्हाइकाच्या घरची माणसं बसवते. हिमालयाचा देखावा असेल तर पायथ्याशी तुमचे सासू-सासरे चहा पिताना. तळ्यात हंस असेल तर हंसाच्या जागी तुमचा कुत्रा. लोक हसतात, खूश होतात, वास्तुशांतीला आणि एकसष्टीला भेट देतात.

माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. फोटो समोर असला तर मी कुणाचाही चेहरा काढीन. फोटो नसला की हात आपल्या मनाने रितिकाच काढतो. रितिका माझी मुलगी, सात वर्षांची. मागच्या साली सोसायटीसाठी बाळकृष्ण काढला, तर समोरच्या फ्लॅटमधल्या कांताबाई म्हणाल्या, "अवं सरिता, किसनाले रितूचेच गाल लावले काय वं?" रोशन, माझा नवरा, तर म्हणतो की मी पोलिसांना चोराचं चित्र काढून दिलं तर ते रितिकालाच पकडून नेतील. यावर आम्ही तिघंही खूप हसायचो.

एप्रिलच्या शेवटी रुपरावने ते चित्र काढून दिलं. "हे घ्या ताई, वाळवी नाही, काही नाही. असा माल आता येत नाही." हार्डबोर्डवर तैलरंग, दीड बाय दोन फूट, कुणा हौशी माणसाने काढलेलं. जुन्या घराची सपरी, म्हणजे पुढची पडवी, मधोमध साखळ्यांवर टांगलेली बंगई. बंगईवर दोन बाया, मधे जराशी जागा सोडून. खुर्चीत म्हातारा, खांबाला टेकून एक तरणा माणूस. चौघांचे चेहरे धुराने पुसट झाले होते. आणि उजव्या कोपऱ्यात एक पोट्टी उभी. निळा फ्रॉक, लांब वेणी, वेणीला लाल रिबीन. एका हाताने तिने बंगईची साखळी धरली होती. तोंड तिकडे, पाठ आपल्याकडे. आपला नंबर कधी येतो म्हणून वाट पाहात असावी. मला ती फार आवडली.

२

शोभाताई सक्करदऱ्याच्या. त्यांच्या यजमानांची, गणपतरावांची एकसष्टी होती. सून करिष्माला घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि सगळी चित्रं सोडून नेमकी त्याच चित्रापुढे बसल्या.

"हेच पाहिजे. बंगईवर मी अन् करिष्मा. खुर्चीत हे. खांबाले आमचा सौरव. झालं न?"

"आणि ही पोट्टी?" मी विचारलं.

"तिले काढून टाक वं. तिच्या जागी नातू टाक."

"नातू कुठे आहे ताई?"

"येऊन राहिला न सप्टेंबरात!" त्या हसल्या आणि सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं. करिष्मा फरशीकडे पाहात होती.

"पण फोटो लागेल मला. फोटोशिवाय मी..."

"आता पोटातल्याचा फोटो कुठून आणू वं तुले? तुझ्या मनानं काढ. गोरागोमटा काढ म्हणजे झालं."

नात झाली तर, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी स्वतः एका मुलीची आई, तरी गिळलं. शोभाताईंची भिशी मोठी, ओळखी मोठ्या. त्यांच्या हॉलात एक चित्र लागलं की दहा हॉलात लागतं, हे मला माहीत होतं. मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"ची मला इतकी चीड येते की काय सांगू.

जाताना करिष्मा दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिले पुरी नका न पुसू. कुठंतरी राहू द्या."

मी मान हलवली. तेवढं मला करता आलं असतं. पण मी तेवढंही केलं नाही.

३

आमच्या नागपुरात मे महिन्यात रात्रीपेक्षा दुपार सुनसान असते. बारा वाजले की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडक्यांना ओले पडदे, आत कूलरचा घोंगाट, माणसं मेल्यागत झोपलेली. मला हीच वेळ कामाला बरी पडते. रोशन ऑफिसात, रितिका पलंगावर झोपलेली.

चौघांचे चेहरे दोन दुपारींत झाले. सुपारीएवढे चेहरे, पण ओळखू येतील असे. मग पोट्टी. मी जुना रंग कधी खरवडत नाही, त्याने बोर्ड खराब होतो. पॉलिश पेपर मारायचा, पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे आणि वरून नवीन काढायचं. तसे दोन हात मारले. फ्रॉक गेला, वेणी गेली, साखळीवरचा हात गेला. कोपऱ्यात नुसता पांढरा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्यात लाल रिबीन दिसत होती.

यात नवल काही नाही. लाल रंग असतोच हरामी, कितीही झाका, खालून फुटतो. सुताराकडून लाखेचं पॉलिश आणलं, एक थर दिला, वाळवला, वर पुन्हा पांढरा. सकाळी पाहते तर रिबीन, वेणी आणि कान.

कानापाशी मी थांबले. पाठमोऱ्या पोट्टीचा कान आधी दिसत होता का? मी प्रत्येक चित्राचा आधी एक फोटो काढून ठेवते, गिऱ्हाइकाला आधीचं आणि नंतरचं दाखवायला. मोबाइल काढला, बोटांनी फोटो मोठा केला. फोटोत तिची नुसती पाठ होती, सरळ. कान केसांखाली होता.

रात्री रोशनला दाखवलं. त्याने एकदा मोबाइल पाहिला, एकदा बोर्ड. "उजेडाचा फरक असन. अन् तू दोन दिवसांपासून त्या पॉलिशच्या वासात बसून राहिली. डोकं नाही धरणार तर काय?"

मला पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचं होतं.

४

नातू काढायला बसले तेव्हा मोबाइलवर मुलांचे चार फोटो काढून समोर ठेवले होते. असे परक्या मुलांचे फोटो पाहून काढलं की चेहरा मेल्यासारखा येतो, म्हणून नंतर मोबाइल उलटा ठेवला. तुझ्या मनानं काढ, असं म्हटलंच होतं शोभाताईंनी. पिवळा शर्ट, आखूड केस, ओठ मिटलेले, बंगईकडे बघतोय, म्हणून चेहरा एका बाजूने. तासाभरात झाला. छान जिवंत झाला.

रितिका झोपेतून उठून मागे येऊन उभी राहिली होती. उन्हाळ्यात मी तिचे केस मानेपर्यंत कापून टाकते.

"आई, हे मीच आहो न?"

"नाही गं, हा त्या काकूंचा बाळ आहे."

"मीच आहो," ती म्हणाली. "तू मले पोरगा काहून केलं?"

मी नीट पाहिलं. तिचं कपाळ, तिची हनुवटी, तिचा तो चिडका खालचा ओठ. माझ्या हाताने पुन्हा घोळ घातला होता. मी हसले आणि तिला जवळ ओढलं. म्हटलं, राहू दे, कुणाला कळतंय.

तेवढ्यात लाइन गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत मला तो आवाज आला. किर्र... कच. किर्र... कच. कूलरच्या घोंगाटाखाली तो आधीपासून चालू असावा, इतका लयीत होता. साखळीवर झोपाळा जातो-येतो तसा.

आमच्या इमारतीत कुणाकडे बंगई नाही. मला पक्कं माहीत आहे, कारण रितिका दोन वर्षांपासून बंगई मागते आणि मी "स्लॅबला कडी नाही" म्हणून टाळते.

"कुणाकडे वाजतंय गं हे?"

"तिचा नंबर सुरू हाय," रितिका म्हणाली. "तिचा झाला की मग माझा."

"कुणाचा?"

लाइन आली, कूलर सुरू झाला, आणि ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

५

मी व्हर्निश मारलं आणि दुसऱ्याच दिवशी चित्र सक्करदऱ्याला पोचवलं. शोभाताईंनी नातवाच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. गणपतराव म्हणाले, "वा, मस्त जमलं!" सौरवने ते हॉलात, दारासमोर टांगलं. करिष्मा कोपऱ्यातल्या त्या पोराकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

बला टळली, असं मी रोशनला बोलूनही दाखवलं.

दोन दिवसांनी रितिका दुपारच्या झोपेतून उठली तर तिचे तळहात काळे. ग्रीसचे काळे, आणि लोखंडाचा वास. साबणाने घासले, रॉकेलचा बोळा फिरवला तेव्हा कुठे निघाले.

"कुठं हात घातले होते?"

"साखळीले."

"कोणत्या साखळीला?"

मी वेडीच आहे अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "बंगईच्या. तू काढली न ते."

खाली पार्किंगच्या गेटला एक साखळी आहे. भर उन्हात मी खाली जाऊन ती हातात घेऊन वास घेतला. गंजलेली होती, कोरडी. माझे हात तांबडे झाले, काळे नाही. वर येऊन दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी रितिका माझ्या डोळ्यांसमोर झोपली, मी एक मिनिटही उठले नाही, आणि उठली तेव्हा तिचे हात काळेच होते. मला त्या दिवशी खरी भीती वाटली. भंगाराची नाही, चित्राची नाही. माझ्या पोरीचा चेहरा मी माझ्या हाताने दुसऱ्याच्या भिंतीवर टांगून आले, याची.

रोशन म्हणाला, "सरिता, डॉक्टरले दाखवू." कुणाला दाखवायचं, तिला की मला, हे त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी तिचा वरचा, समोरचा दात पडला. कांताबाईंनी सांगितलं की दात कौलावर फेकायचा असतो. इथे कौल कुठून आणायचं? तिने तो पार्किंगच्या टिनावर फेकला आणि दिवसभर जीभ त्या फटीत घालत फिरली. दुपारी मी तिच्या केसांना पिवळी क्लिप लावली आणि झोपवलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

अडीच वाजता करिष्माचा फोन आला.

"ताई, तो पोरगा... त्याच्या शर्टाखालून निळा फ्रॉक निघून राहिला. आई सकाळपासून भडकल्या हायेत, पोट्टी वर येऊन राहिली म्हणते. हे ब्लेड घेऊन बसले. चेहराच खरडून काढतो म्हणून राहिले. ताई, मले नाही पाहवत. तुम्ही या न."

तो चेहरा कुणाचा आहे हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हात लावू देऊ नको," मी म्हटलं. "मधे उभी राहा. आलेच मी."

कांताबाईंना हाक मारली, रितिकापाशी बसवलं. निघताना पलंगाकडे पाहिलं तर पाठच दिसली, पिवळी क्लिप दिसली. वळसा घालून तिचा चेहरा पाहायला दोन पावलं लागली असती. मी ती दोन पावलं टाकली नाहीत.

६

स्कूटी तापून बसवत नव्हती. तोंडाला दुपट्टा बांधला आणि निघाले. उन्हामुळे दुपारी सिग्नल बंद ठेवतात, त्यामुळे मानेवाडा चौकातही थांबावं लागलं नाही. साऱ्या रस्त्यात एक माणूस दिसला नाही. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या मागे ते किर्र, कच. स्कूटीच असणार, मी स्वतःला बजावलं. स्टँडची स्प्रिंग ढिली झाली असणार.

दार उघडंच होतं. सौरवच्या हातात ब्लेड. करिष्मा चित्राला पाठ लावून उभी, दोन्ही हात पसरून, पोट पुढे. गणपतराव खुर्चीतून म्हणत होते, "अरे राहू दे गा सौरव, राहू दे."

"ही पाहा तुझी कारागिरी!" शोभाताई माझ्यावर धावल्या. "नातू सांगितला होता मी!"

करिष्मा बाजूला झाली.

कोपरा रिकामा होता. तिथे पोरगाही नव्हता आणि पाठमोरी पोट्टीही नव्हती. ती बंगईवर बसली होती, शोभाताई आणि करिष्माच्या मधल्या त्या जागेत. दोन्ही हातांनी साखळ्या धरून, तोंड सरळ आमच्याकडे. अंगात निळा फ्रॉक. मानेपर्यंत कापलेले केस आणि त्यात मोहरीएवढा एक पिवळा ठिपका. मी मिटलेले काढलेले ओठ आता जरासे उघडे होते, आणि वरच्या दातांत, समोर, पिनेच्या टोकाएवढी काळी फट होती.

दात त्या दिवशी सकाळी पडला होता. चित्र मी आठ दिवसांपूर्वी दिलं होतं.

सौरवच्या ब्लेडची एक पांढरी रेघ तिच्या गुडघ्याखालून गेली होती.

"घेऊन जा वं हे," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "माझ्या घरी नको."

"ताई, सप्टेंबरात नात झाली तर तिलाही असंच खरडाल का हो?" मी म्हटलं. जे पहिल्या दिवशी म्हणायचं होतं ते आता म्हटलं, काही उपयोग नसताना. करिष्मा रडायला लागली. मी चित्र खिळ्यावरून काढलं, तिने दिलेल्या चादरीत गुंडाळलं आणि स्कूटीवर पायांमध्ये उभं केलं.

मानेवाड्यापर्यंत मी त्याच्याशी बोलत होते. झालं हं रितू, आलं घर. असं.

७

कांताबाई खोलीत नव्हत्या. बाहेर जिन्यात, उन्हाच्या झळा लागत होत्या तिथे पायरीवर बसल्या होत्या.

"तुम्ही बाहेर का?"

"काही नाही वं. उठली ते केव्हाची. पलंगावर बसून हाय, तिकडं तोंड करून. पाणी देऊ काय म्हणून दोनदा विचारलं. मुंडी नाही फिरवून राहिली." त्यांनी पदराने मान पुसली. "अन् काय वं सरिता, हा निळा फ्रॉक कधी घेतला तिले?"

"कोणता निळा?"

"घातला न तिनं."

रितिकाकडे निळा फ्रॉक नाही. आणला असेल रोशनने, मी मनात म्हटलं. वाढदिवसासाठी लपवून ठेवला असेल, तिने शोधून काढला असेल. चप्पल काढायचं भान राहिलं नाही, तशीच आत गेले.

कूलर चालू होता. ओला पडदा हलत होता. पलंगावर ती बसली होती, पाय पलीकडे सोडून, माझ्याकडे पाठ करून. निळ्या फ्रॉकवर मधोमध एक लांब वेणी, टोकाला लाल रिबीन. उजवा हात वर, हवेत, काहीतरी धरल्यासारखा.

मी तिचा चेहरा आठवायला लागले. वळल्यावर ओळखू यावा म्हणून. जो चेहरा माझा हात झोपेतही काढील, तो मला आठवेना. कपाळ कसं आहे? हनुवटी? डोळे मिटले तर डोळ्यांपुढे नुसता पांढरा रंग आला, दोन हात मारलेला.

लाइन गेली. कूलर थांबला.

किर्र... कच. किर्र... कच. तो आवाज पलंगाकडून नव्हता. माझ्या हातांतून, चादरीतून येत होता, आणि हळूहळू मंदावत होता.

"रितिका," मी हाक मारली.

"आई," माझ्या छातीपाशी, चादरीच्या आतून ती म्हणाली, "पाय दुखून राहिला न माझा."

पलंगावरच्या पोट्टीने वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि वळायला लागली.